दुःखकाळाचा सतरावा दिवस

राखेचा बुधवार जवळ आला की आमच्या धर्मग्रामात एक प्रश्न ठरलेला असतो. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या दारात उभे राहिलो की कोणी ना कोणी तो विचारतेच : ‘फादर, यंदा काय सोडायचे?’ कोणी मांस सोडतो, कोणी चहा, कोणी मद्य. तरुण मुले अलीकडे मोबाइल सोडण्याचा संकल्प करतात आणि तो कितपत टिकतो हे त्यांच्या आयांना ठाऊक असते. त्यागाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म या तिन्हींविषयी प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात एकाच ठिकाणी सांगितले आहे आणि ख्रिस्तसभा दरवर्षी राखेच्या बुधवारी तेच शुभवर्तमान आपल्यापुढे वाचते. परंतु ‘काय सोडायचे?’ हा प्रायश्चित्तकाळाचा पहिला प्रश्न नव्हे, असे आम्हांला वर्षानुवर्षे वाटत आले आहे.

उपासनेचा पहिला शब्द निराळा आहे. कपाळाला राख लावताना धर्मगुरू दोन वचनांपैकी एक उच्चारतो. त्यांतील जुन्या वचनाची सुरुवात ‘स्मरण ठेव’ अशा आज्ञेने होते. आपण माती आहोत याचे स्मरण ठेवायचे, हे तर खरेच. पण माती म्हटल्यावर ती माती कोणी उचलली, कोणी घडवली आणि तिच्यात श्वास कोणी फुंकला हेही आठवावे लागते. केवळ मातीच आठवत बसलो तर माणूस उदास होईल, पश्चात्तापी होणार नाही. उदासीनता आणि पश्चात्ताप यांत पुष्कळ अंतर आहे. पहिलीत माणूस स्वतःकडे पाहत राहतो, तर दुसऱ्यात तो आपल्यावर प्रेम करणाऱ्याकडे पाहतो.

दर तीन वर्षांनी प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी अनुवाद ग्रंथातील सव्विसाव्या अध्यायाचे वाचन येते. शेतातील पहिले पीक टोपलीत घालून इस्राएली शेतकरी देवाच्या वेदीपाशी जातो. वसईच्या वाडीवाल्याला टोपलीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टोपली खाली ठेवण्यापूर्वी त्या शेतकऱ्याला एक इतिहास बोलून दाखवावा लागतो : आपला पूर्वज भटका होता, तो मिसर देशात गेला, तिथे आम्हांला जाच झाला, आम्ही हाक मारली, देवाने ती ऐकली आणि आम्हांला बाहेर काढले. त्या वाचनातील सर्वनामाकडे आमचे लक्ष नेहमी जाते. हा शेतकरी मिसर देशात कधीच नव्हता. तो शेकडो वर्षांनंतर जन्मला, स्वतःच्या जमिनीत स्वतःचे धान्य पिकवून आला आहे. तरीही तो ‘त्यांना’ म्हणत नाही, ‘आम्हांला’ म्हणतो. पवित्र शास्त्रातील स्मरण हे असे आहे. घडून गेलेल्या गोष्टीची माहिती ठेवणे म्हणजे स्मरण नव्हे. त्या गोष्टीत आपणही होतो असे मानून जगणे म्हणजे स्मरण.

आणि हे स्मरण आपल्यापासून सुरू होत नाही. निर्गम ग्रंथात इस्राएलाचे कण्हणे देवाच्या कानी गेले आणि त्याला आपल्या कराराचे स्मरण झाले, असे म्हटले आहे. देव विसरला होता आणि मग त्याला एकाएकी आठवले, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. देवाला स्मरण होते तेव्हा काहीतरी घडू लागते : जलप्रलयाचे पाणी ओसरते, समुद्र दुभंगतो, वांझ म्हणून हिणवलेल्या हन्नाच्या कुशीत मूल येते. त्याच्या स्मरणाला हात असतात. आपण उपवासकाळात जे आठवतो, ते त्याने आधीच आपली आठवण ठेवलेली असते म्हणून.

हे सारे आम्ही प्रवचनांतून अनेकदा सांगितले आहे. प्रवचने माणसे ऐकतात आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत निम्मी विसरतात. त्यात त्यांचा दोष आहे असेही नाही, प्रवचने लांबतात. म्हणून या लेखात प्रवचनाऐवजी एक हकिकत सांगावी असे ठरवले. ती दूरच्या देशातील आहे. पण तिचा एक धागा थेट आपल्या वसईच्या किल्ल्यात बांधलेला आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांची कथा आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली जाते. वसईत जन्मलेला, किल्ल्यातील येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे काही काळ व्यापारात रमला आणि अखेरीस मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरू नव्हता हे येथे मुद्दाम नमूद करतो. १५९३ साली तो दुभाषा म्हणून संत पीटर बाप्टिस्ट यांच्यासमवेत पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मरण पावला. त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी येशूसंघीय होते आणि उरलेले सतरा जण प्रापंचिक होते. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात त्यांना चालवत नेले होते.

कथा बहुधा येथे संपते. सणाची मिस्सा होते, मिरवणूक निघते, आपण घरी जातो. परंतु ज्या टेकडीवर आपला वसईकर क्रुसावर गेला, त्या टेकडीच्या परिसरातील ख्रिस्ती लोकांचे पुढे काय झाले? सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आमच्या वहीत या प्रश्नाला तीन ओळी मिळाल्या होत्या. त्या तीन ओळींनी पुढे आमची बरीच वर्षे घेतली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१६१४ साली संपूर्ण जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना देशाबाहेर घालवण्यात आले. जे लपून राहिले किंवा लपून परतले ते एकेक करून पकडले गेले. १६४४ साली अखेरचा धर्मगुरू मारला गेला, असे इतिहास सांगतो. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, दृढीकरण नाही, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग नाही. ज्याच्या घरी क्रूस सापडेल त्याला मृत्यू आणि शेजाऱ्यांनाही शिक्षा. नागासाकी भागात दरवर्षी नववर्षाच्या सुरुवातीस प्रत्येक घरातील माणसांना प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यावा लागे. जो कचरला तो ख्रिस्ती ठरला.

अशा स्थितीत दोनशेहून अधिक वर्षे गेली. जगाने मानले, ख्रिस्तसभेतही पुष्कळांनी मानले, की जपानातील श्रद्धा विझली.

१८५८ नंतर परदेशी लोकांना नागासाकीत राहण्याची मुभा मिळाली. पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या फ्रेंच धर्मगुरूंनी तिथल्या परदेशीयांसाठी ओउरा या भागात एक चर्च बांधले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी निशिझाकाच्या सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले होते. म्हणून हे चर्च त्या सव्वीस संतांच्या नावे अर्पण करण्यात आले. म्हणजे वाचकहो, आपल्या गोन्सालोच्याही नावे! फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याचे आशीर्वचन झाले. जपानी लोक त्याला ‘फ्रेंच देऊळ’ म्हणत आणि गंमत म्हणून पाहायला येत.

१७ मार्च १८६५ हा शुक्रवार होता. दुपारच्या सुमारास पंधराएक माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती, चर्चच्या बंद दारापाशी घुटमळत होती. फादर बर्नार पेतिजाँ यांनी दार उघडले, त्यांना आत घेतले आणि स्वतः वेदीपुढे गुडघे टेकले. थोड्या वेळाने एक प्रौढ स्त्री त्यांच्याजवळ आली. छातीवर हात ठेवून, भिंतींनाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने सांगितले की आम्हां सर्वांचे अंतःकरण तुमच्या अंतःकरणासारखेच आहे. ही माणसे उराकामी या जवळच्या गावाची होती. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. फादरांनी त्यांना मूर्तीपाशी नेले. कडेवरचे बाळ पाहून त्यांची खात्री पटली.

आणि मग संभाषण ज्या विषयाकडे वळले, त्यासाठी आम्ही ही सारी हकिकत सांगत आहोत. ती माणसे म्हणाली की थंडीच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आम्ही प्रभू येशूचा जन्मसण पाळतो. तो मध्यरात्री गोठ्यात जन्मला, गरिबीत वाढला आणि तेहतिसाव्या वर्षी आमच्या आत्म्यांच्या तारणासाठी क्रुसावर मरण पावला असे आम्हांला शिकवलेले आहे. सध्या आमचा दुःखकाळ चालू आहे. तुम्हीही तो पाळता काय?

फादर पेतिजाँ यांना क्षणात उमगले की दुःखकाळ म्हणजे आपला प्रायश्चित्तकाळ. होय, त्यांनी उत्तर दिले, आज दुःखकाळाचा सतरावा दिवस आहे.

आम्ही दिनदर्शिका घेऊन हे मोजून पाहिले. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता आणि राखेचा बुधवार १ मार्चला. सतरा मार्च हा बरोबर सतरावा दिवस. ज्या लोकांनी सात पिढ्यांत एकही मिस्सा पाहिली नव्हती, ज्यांच्याकडे पंचांग पाठवणारा महागुरुस्वामी नव्हता, ती माणसे रोममधील पोप महोदय ज्या काळात होते, त्याच काळात उभी होती.

हे त्यांनी कसे साधले? ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात चमत्कार कमी आणि चिकाटी अधिक आहे. धर्मगुरू नाहीसे झाल्यावर गावोगावच्या प्रापंचिकांनी कामे वाटून घेतली. एक जण पंचांग सांभाळी. कोणता सण कधी, बंधनाचे दिवस कोणते, दुःखकाळ कधी लागतो आणि कधी उतरतो, हे ठरवून तो इतरांना सांगे. दुसरा मुलांना स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघर निरोप पोहोचवी. त्यांच्या पंचांगाचे मूळ १६३४ सालच्या एका पंचांगात होते आणि ते बास्चान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाने मागे ठेवले, अशी परंपरा आहे. जपानी चांद्रमास आणि युरोपीय सौरमास यांचा मेळ घालून ते दरवर्षी नव्याने बसवावे लागे. बंधनाच्या दिवशी शिवणकाम करायचे नाही, शेतात खत हाताळायचे नाही, असे नियम होते. शेजाऱ्याला काही कळू नये आणि देवाला मात्र कळावे, एवढ्या बेताने पाळता येतील असेच ते नियम. इकित्सुकी नावाच्या बेटावर तर प्रार्थना तोंडपाठ शिकवण्याचे काम याच काळात चाले. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्दांची सरमिसळ झालेल्या त्या लांबलचक प्रार्थना बाप मुलाला कुजबुजत शिकवी. पुष्कळ शब्दांचे अर्थ त्या बापालाही ठाऊक नसत. आमच्यासारख्या सेमिनरीत शिकलेल्या माणसाला अर्थ न कळता केलेल्या पाठांतराची कुरकूर करण्याची सवय असते. या प्रकरणात ती आम्ही गिळून टाकली आहे.

पण पंचांगापेक्षाही मोलाची अशी एक वस्तू त्यांच्यापाशी होती. १६०३ साली, बंदीपूर्वी, पश्चात्तापाविषयी एक छोटी पुस्तिका जपानीत तयार झाली होती. तिचे नाव ‘कोन्चिरिसान’, म्हणजे पोर्तुगीज भाषेतील पश्चात्ताप हाच शब्द जपानी जिभेवर फिरलेला. शिक्षेच्या भीतीने नव्हे तर देवावरील प्रेमामुळे जो मनापासून झुरतो आणि संधी मिळताच पापनिवेदन करीन असा निश्चय करतो, त्याला धर्मगुरू जवळ नसतानाही देव क्षमा करतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण तिच्यात सोप्या शब्दांत मांडली होती. ही पुस्तिका हाताने नकलून, लपवून, पाठ करून पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली.

तिची गरज कोणत्या दिवशी लागे ते पाहा. नववर्षाच्या आरंभी अधिकाऱ्यांसमोर प्रतिमेवर पाय द्यावा लागे. तो पाय बापाचा, आईचा, आजारी म्हातारीचा, मांडीवरच्या मुलाचाही. मग माणसे घरी परतत, दारे लावून घेत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. जपानी नववर्ष जुन्या चांद्र गणनेप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येई. म्हणजे पाय दिल्यावर काही आठवड्यांतच दुःखकाळ लागे. दरवर्षी ज्याला तुडवले, त्याच्याच दुःखसहनाचे दिवस दरवर्षी मोजायचे. दोनशे वर्षे!

येथे आम्ही कितीदा तरी थांबलो आहोत. जे पाय देण्यास नकार देऊन मेले ते हुतात्मे, त्यांना आपण वंदन करतो आणि करत राहू. परंतु ज्यांनी पाय दिला त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट अशी की आपण प्रभूला तुडवले, आता त्याचे नाव घेण्याची आपली लायकी उरली नाही, म्हणून विसरून जावे. माणसाच्या दृष्टीने हीच वाट सोपी आणि प्रामाणिकही वाटते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांना हीच वाट भुरळ घालते. ‘फादर, वीस वर्षे चर्चला आलो नाही, आता कोणत्या तोंडाने येऊ?’ असे विचारणारा माणूस स्वतःला नम्र समजत असतो. नागासाकीच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी आपल्या अपराधापेक्षा देवाचे प्रेम अधिक पक्के ध्यानात ठेवले. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारले, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. यहूदालाही खंत वाटली होती, पण त्या नजरेची आठवण त्याच्यापाशी उरली नाही. दोघांच्या अपराधांचे वजन करत बसण्यापेक्षा हा फरक आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

बास्चानविषयी आणखी एक गोष्ट सांगतात. पकडला जाऊन मारला जाण्यापूर्वी त्याने म्हणे आपल्या लोकांना सांगून ठेवले की सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील आणि मग तुम्हांला दर आठवड्यालासुद्धा पापनिवेदन करता येईल. आशेचा हा प्रकार आम्हांला थक्क करतो. छळ सोसणाऱ्या लोकांना कोणी राज्य मिळेल असे सांगितले असते, सूड उगवला जाईल असे सांगितले असते, तर समजण्यासारखे होते. या लोकांना आश्वासन काय दिले गेले, तर आठवड्याला एकदा पापनिवेदन! आणि त्यांनी ते सात पिढ्या जपले.

पुढचा इतिहास गोड नाही. तो झाकून ठेवू नये. ओउरा येथील भेटीनंतर उराकामीचे लोक उघड झाले आणि १८६७ पासून त्यांच्यावर पुन्हा वरवंटा फिरला. तीन हजारांहून अधिक माणसांना गावातून उठवून देशभर हद्दपार करण्यात आले. त्यांतील सहाशेवर माणसे उपासमारीने, छळाने आणि आजाराने मेली. १८७३ साली बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले परत आले. आणि काही लपलेले ख्रिस्ती ख्रिस्तसभेत परतलेच नाहीत. आपल्या पूर्वजांनी जसे जपले तसेच आपण जपणार, असे म्हणून ते वेगळे राहिले. त्यांना नावे ठेवणे आमच्याने होत नाही. इतकी वर्षे एकट्याने दिवा सांभाळलेल्या माणसाला तो दुसऱ्याच्या हाती देताना काय वाटत असेल, हे दुसऱ्याने सांगू नये.

उराकामीच्या परतलेल्या लोकांनी स्वतःच्या कष्टांनी एक विशाल चर्च उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास नागासाकीवर अणुबाँब पडला, तो या चर्चपासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर. उराकामीच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मरण पावले. त्या वेळी चर्चमध्ये मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत बसले होते आणि माणसे रांगेत होती. त्यांतील कोणीही वाचले नाही. ज्या गोष्टीची त्यांच्या पूर्वजांनी सात पिढ्या वाट पाहिली, ती गोष्ट करत असतानाच ती माणसे गेली. यावर भाष्य करण्याचे धाडस आम्ही करत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस नागासाकीला गेले. निशिझाका टेकडीवर त्यांनी हुतात्म्यांना वंदन केले आणि अण्वस्त्रांविरुद्ध स्पष्ट शब्दांत आवाज उठवला.

आता आपल्या अंगणात येऊ. जपानची आणि वसईची तुलना ओढूनताणून करू नये. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीजांची सत्ता गेली आणि त्यांच्या संघीय धर्मगुरूंनाही जावे लागले. तरी आपल्या पूर्वजांच्या वाट्याला सात पिढ्यांचा काळोख आला नाही. देशी धर्मगुरू होते, मिस्सा होत होती. पण त्या पडत्या काळातही श्रद्धा टिकली ती केवळ धर्मगुरूंमुळे टिकली, असे म्हणणाऱ्याने आपल्या जुन्या घरांतील ओटीवरची जपमाळ ऐकलेली नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना सहज विचारले, ‘आज उपवासकाळाचा कितवा दिवस?’ मुले एकमेकांकडे पाहू लागली. काय सोडले ते प्रत्येकाला सांगता आले : चॉकलेट, चिकन, वेफर्स. दिवस मात्र एकीलाच आला. ‘तेविसावा,’ ती म्हणाली, ‘माझी आजी चिंचोके ठेवते.’

पुढच्या आठवड्यात आजाऱ्यांच्या भेटींना निघालो तेव्हा त्या आजींच्या घरी मुद्दाम गेलो. देव्हाऱ्यापाशी पितळेची वाटी होती आणि तीत चिंचोके. ‘रोज संध्याकाळी एक टाकते, फादर,’ त्या म्हणाल्या. ‘माझी आई टाकायची. चिंचोका टाकताना देवानं आपल्यासाठी काय केलं ते एक सांगायचं. रोज नवं. कालचं चालत नाही.’

‘चाळीस सापडतात?’ आम्ही विचारले.

‘पहिले आठ-दहा दिवस सोपे असतात,’ आजी हसल्या. ‘मग अडतं. मग नको त्या गोष्टी आठवाव्या लागतात. आमचे हे गेले त्या वर्षी मी भांडून चर्चला यायचं बंद केलं होतं. त्या वर्षीसुद्धा शेजारीण रोज डबा आणून द्यायची. तो चिंचोका मला पंधराव्या दिवशी सापडला.’

नात बाजूला उभी राहून ऐकत होती. तिला त्या वर्षीची गोष्ट बहुधा प्रथमच कळत होती.

आम्ही वर्षानुवर्षे क्रुसाच्या वाटेची भक्ती चालवतो, दर शुक्रवारी चौदा स्थाने फिरतो; आणि त्या घरातून बाहेर पडताना मनात आले की नागासाकीतील पंचांग सांभाळणारा माणूस असाच असावा. आमच्या धर्मग्रामातील तरुण आता आखातात आहेत, कॅनडात आहेत, जहाजांवर आहेत. कित्येकांना चर्च तासाभराच्या अंतरावर असते, कित्येकांना तेही नसते. धर्मगुरूंची संख्या वाढेल की घटेल याची चर्चा आमच्या सभांतून होते. ती व्हायलाच हवी. पण कोणत्या घरात दिवस मोजले जातात याची चर्चा कुटुंबांनीच करायची आहे. जहाजावरच्या मुलाला आई फोनवर ‘जेवलास का?’ असे विचारतेच. ‘आज अठ्ठाविसावा दिवस, बाबा’ एवढे त्यात जोडायला मिनिटही लागत नाही. मूल हसेल. हसू द्यावे. इकित्सुकीच्या मुलांनाही ती कुजबुज कंटाळवाणी वाटत असणारच.

‘यंदा काय सोडायचे?’ असे दारात विचारणाऱ्यांना आम्ही आता उत्तरादाखल चिंचोक्यांची गोष्ट सांगतो. काही जण ऐकून घेतात आणि पुन्हा विचारतात, ‘ते ठीक, फादर, पण चहा सोडू का?’ सोडा बापडे. चहाचे वाचलेले पैसे उपवासदानाच्या पेटीत टाका. आणि चहाच्या वेळी जी रिकामी पाच मिनिटे मिळतील, तीत त्या दिवसाचा चिंचोका शोधा.

पापनिवेदनाचेही विचारले जाते : पवित्र आठवड्यात फार गर्दी होते, तेव्हा केव्हा यावे? आमच्या धर्मग्रामात धर्मगुरू दर शनिवारी सायंकाळी पाचपासून पापनिवेदनासाठी बसतात, प्रायश्चित्तकाळात बुधवारीही. चर्चचे बाजूचे दार उघडे असते. पहिल्या दोन-तीन शनिवारी तर रांग नसतेच.